हवालदार बोरसे यांची सत्तेचाळीस मिनिटं

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला एक पोलीस ठाणं आहे. नाव सांगत नाही, उगाच कोणाची बदली व्हायची. या ठाण्यात हवालदार कौतिक तोताराम बोरसे यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं काढली, आणि या नऊ वर्षांत त्यांना नाव पडलं ते ‘मयताचे हवालदार’. कोणी विहिरीत पडलं, कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, कोणी मळ्यातल्या झाडावरून खाली आलं, की ठाण्यातल्या बाकीच्यांना एकाएकी दुसरी कामं आठवायची. मग साहेब म्हणायचे, बोरसे, तुम्हीच जाऊन या.

बोरसे जायचे. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावायची, टोपी काढून काखेत धरायची आणि ओट्यावर न बसता भिंतीला पाठ लावून खाली बसायचं. खिशातला कागद लगेच बाहेर काढायचा नाही. इतरांचा पंचनामा अर्ध्या तासात उरकायचा, यांना दोन तास लागायचे. साहेब लोक त्यावरून त्यांची थट्टा करत. पण मयताच्या घरून पोलिसांबद्दल तक्रार आली आहे, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नाही, आणि पोलिसाच्या आयुष्यात ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी त्यांची ख्याती होती बांधाच्या भांडणांची. या भागात केळीचं एकेक खोड मोजून लावतात, तिथे बांध वीतभर सरकला तरी कुऱ्हाडी बाहेर येतात. बोरशांची एक पद्धत होती. बांधावर स्वतः मांडी घालून बसायचं, दोन्ही घरांतून चहा मागवायचा आणि याच्या घरचा चहा त्याला आणि त्याच्या घरचा याला पाजायचा. चहा नाकारला तर बोलणं पुढे सरकणार नाही. भावकीत एकमेकांच्या घरचं पाणी तोडलेली माणसं कप हातात फिरवत राहायची आणि शेवटी पीत असत. एकदा प्यायल्यावर अर्धं भांडण तिथेच मिटायचं. उरलेल्या अर्ध्याचा निवाडा बोरसे करत.

गेल्या दिवाळीनंतर ठाण्यात आठ कॅमेरे आले. छातीवर लावायचे, काडेपेटीहून थोडे मोठे, चालू असताना लाल दिवा जळणारे. सोबत दोन पानी परिपत्रक होतं. लोकांशी गाठ पडली की आधी कॅमेरा चालू करायचा. समोरच्याला सांगायचं, की तुमचं चित्रीकरण होत आहे. मधेच बंद करायचा नाही, आणि करावाच लागला तर कारण मोठ्याने बोलून मग बंद करायचा. दवाखान्यात, न्हाणीशी आणि दुःखाच्या घरात घरच्यांना विचारल्याशिवाय चालू ठेवायचा नाही. चित्रीकरण तीस दिवस राहणार आणि आपोआप पुसलं जाणार. अधिकाऱ्याने खूण केलेला भाग तेवढा टिकणार. कोणीही काटछाट करायची नाही.

सुरुवातीला मजाच झाली. बाजारात भाजी विकणाऱ्या बाया लाल दिवा पाहून पदर सारखा करायच्या. एका दारुड्याला बोरशांनी हटकलं, तर त्याने आधी दिवा पाहिला, मग बोरशांना पाहिलं आणि म्हणाला, “बंद कर मंग सांगस.” चार शिव्या पोटात ठेवून तो तसाच सरळ घरी गेला. त्या महिन्यात गावात शिवीगाळ कमी झाली, हे मान्य करायला हवं.

पण बांधावर कॅमेऱ्याचं काही चालेना. जानेवारीत निमखेड्याला भूपेंद्र आणि प्रेमराज या चुलतभावांचं वाजलं. भूपेंद्रच्या विहिरीच्या मोटारीची पेटी, म्हणजे ज्यात बटण दाबून मोटर चालू करतात ती, सामाईक बांधावर होती. प्रेमराजच्या ट्रॅक्टरचा धक्का तिच्या खांबाला लागला आणि दोघे एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचले. बोरसे गेले, कॅमेरा चालू केला, नियमाप्रमाणे सांगितलं. झालं, दोघेही कोर्टात उभे असल्यासारखे बोलू लागले. तारखा सांगू लागले, सातबारा म्हणू लागले. सहा मिनिटं बोरशांनी ऐकलं आणि बटण दाबून दिवा विझवला. कारण बोलले नाहीत. काय बोलणार, की हा चालू असला तर माणसं माणसांसारखी वागत नाहीत?

मग चहा आला. चहा झाल्यावर बोरशांनी निवाडा दिला, की पेटी बांधावरून काढा आणि भूपेंद्रच्याच रानात, खाली पाण्याच्या चारीच्या काठाला लावा, म्हणजे कोणाच्या ट्रॅक्टरला आडवी यायची नाही. भूपेंद्र म्हणाला, “तठे पावसायामा पानी साचस, भाऊ.” बोरसे म्हणाले, खांब जरा उंच रोव. भूपेंद्रने मान हलवली. दोघांनी हात मिळवले आणि बोरसे आपल्या कामावर खूश होऊन परत आले.

महिन्याभरात प्रेमराजचं घरच्यांच्या टोमण्यांनी डोकं फिरलं आणि त्याने अर्ज दिला, की हवालदाराने एकाची बाजू घेऊन आपल्याला दबावाखाली कबूल करायला लावलं. वरून चित्रीकरण मागवलं गेलं. त्यात सहा मिनिटं होती आणि पुढे काही नव्हतं. बोरशांना सक्त ताकीद मिळाली, लेखी. एकतीस वर्षांत पहिली. सहायक फौजदाराच्या बढतीची यादी त्याच वर्षी निघायची होती. खांद्यावर एक तारा लावून निवृत्त व्हायचं, एवढंच त्यांनी नोकरीकडून मागितलं होतं. बायकोने तर त्या ताऱ्याच्या भरवशावर सोनगीरला भावाकडे पेढ्यांचं कबूलही करून ठेवलं होतं. अजून एक ताकीद पडली असती, तर नाव यादीतून गेलं असतं. बोरशांनी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून अंगात वर्दी असेपर्यंत त्यांनी दिवा विझवला नाही.

ऑगस्टात निमखेड्याहून फोन आला. भूपेंद्रची बायको रूपाली सकाळी आठला वीज आल्यावर मोटर चालू करायला गेली आणि पेटीला चिकटली. सव्वीस वर्षांची होती, लग्नाला चार वर्षं झाली होती. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून गेली, की चौकशी साधी राहत नाही, ती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. तरी जागेच्या पंचनाम्याला गेले बोरसेच.

मळ्यात शिरल्यावर त्यांना पेटी दिसली. चारीच्या काठाला होती, त्यांनी सांगितलं तिथेच. खांब उंच रोवला होता, पण रात्रभर पाऊस पडून भोवती पोटरीएवढं पाणी होतं आणि त्यात रूपालीची एक चप्पल तरंगत होती. बोरसे पाण्याकडे पाहत उभे राहिले. पंच म्हणून आलेली दोन माणसं वाट पाहत होती. मग त्यांनी कागद काढला आणि लिहिलं, की पेटी चारीच्या काठाला, सखल जागी, लाकडी खांबावर आहे. खरं तेच लिहिलं. ती तिथे कोणाच्या सांगण्यावरून आली, ते पंचनाम्यात लिहायचं नसतं, आणि त्यांनी लिहिलं नाही. प्रेमराज लांबून पाहत होता. तोही मूग गिळून राहिला, कारण त्याच्याच भांडणातून पेटी हलली होती. भूपेंद्र बोलायच्या स्थितीतच नव्हता.

दुपारी तीनला मयत दवाखान्यातून घरी आलं. बोरसे नेहमीप्रमाणे टोपी काढून भिंतीशी बसले. छातीवर लाल दिवा चालू होता. दुःखाच्या घरात विचारल्याशिवाय चालू ठेवायचा नाही, हे त्यांना पाठ होतं. पण विचारायचं कोणाला, आणि कोणत्या तोंडाने? आणि बंद करायचा, तर मागच्या वेळची ताकीद डोळ्यांसमोर होती. त्यांनी दिव्यावर टोपी धरली आणि बसून राहिले. ही त्यांची चूक होती. भीतीपोटी झालेली असली तरी चूकच.

रूपालीची सासू बेबाबाई पुढे झाली. तिने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि हेल काढला. रोज मोटर चालू करायला तीच जायची. कपाशीची वाळकी काडी घेऊन, लांब उभी राहून, काडीने बटण दाबायची. त्या दिवशी गुडघे धरले होते, म्हणून सुनेला धाडलं आणि काडीचं सांगायचं राहिलं. ते सगळं तिच्या रडण्यात आलं. “मीच धाडं तुले वं पोरी, मीच मारं तुले, मी खादं तुले.” या मुलखात बाया अशाच रडतात. गेलेल्या माणसाला हाका मारतात, त्याचं सगळं चांगलं मोजतात आणि त्याच्या मरणाचा दोष ओढून आपल्या पदरात घेतात. तो घेतला नाही, तर रडण्यात माया कमी पडली, असं बाकीच्या बायांना वाटतं.

पोलीस उपनिरीक्षक ऋतिका सावंत ठाण्याच्या इमारतींमध्ये वाढलेल्या. ठाणे शहराच्या, या ठाण्याच्या नव्हे. सहा महिन्यांपूर्वी इथे रुजू झाल्या होत्या. कष्टाळू बाई, सरळ, आणि वाचल्याशिवाय सही न करणारी. त्यांच्या घरी माणूस दवाखान्यात जायचं आणि बाया रुमालाने डोळे टिपायच्या. चौकशी त्यांच्याकडे आली, म्हणून त्यांनी चित्रीकरण पाहायला घेतलं, चौथ्या मिनिटाला थांबल्या, मागे नेऊन पुन्हा ऐकलं आणि त्या भागावर खूण केली. घटनेला बारा दिवस झाले होते. त्यांनी बोरशांना आत बोलावलं.

“बोरसे, सासू तीनदा म्हणते, मीच मारलं. तुमच्या कागदात हे का नाही?”

“मॅडम, ते रडणं आहे.”

“रडताना माणूस खरं बोलत नाही का?”

प्रश्न रास्त होता. रडताना माणूस खरंच बोलतं, पण ते खरं पोलिसांच्या कामाचं नसतं. आता हे शुद्ध मराठीत कसं सांगायचं? त्यांनी प्रयत्न केला. इकडे सगळ्याच बाया असं म्हणतात, तुम्ही गावात कोणालाही विचारा.

“गावात विचारलं तर गाव सासूची बाजू घेईल,” मॅडम म्हणाल्या. “सून बाहेरची असते. तिच्या बाजूने कोणीतरी नीट बघायला हवं ना? आपल्याकडे सासूचा आवाज आहे. असं सगळ्याच बाया म्हणतात, हे तुम्ही म्हणता, त्याचा पुरावा काय?”

हेही चुकीचं नव्हतं. अशा किती सुना कागदावर नुसत्या अकस्मात मृत्यू होऊन गेल्या, ते बोरशांना मॅडमपेक्षा जास्त माहीत होतं. मॅडमनी नोटीस तयार ठेवली होती. उद्या अकरा वाजता बेबाबाईंना बोलवायचं, दुपारी रूपालीच्या माहेरच्यांना सोनगीरहून बोलवायचं आणि तेवढा तुकडा दाखवून त्यांचं म्हणणं घ्यायचं.

बोरशांनी नोटीस दोनदा वाचली. माहेरची माणसं आतापर्यंत शहाण्यासारखी वागली होती. पण ठाण्यात, टेबलावर, पोलिसांनी काढून दाखवलेला आवाज आणि ओसरीवर ऐकलेला आवाज यांत फार फरक पडतो. ज्या आईने बेबाबाईच्या गळ्यात गळा घालून रडून घेतलं होतं, तिलाच तो तुकडा ऐकून रात्री शंका आली असती. मग अर्ज, मग गुन्हा. साठीची बाई, दीड वर्षाची नात मागे ठेवून, जळगावच्या तुरुंगात. पुढे सुटलीही असती. पण तोवर तिच्या आयुष्यात काय राहिलं असतं?

पुरावा होता. त्याच चित्रीकरणात होता. मॅडमनी चार मिनिटं पाहिली होती, पण ते होतं सत्तेचाळीस मिनिटांचं. सोळाव्या मिनिटाला रूपालीची आई कोकिळाबाई दारात आली होती आणि तिने काय हेल काढला, तो बोरशांना शब्दन् शब्द आठवत होता.

शेवटची दोन मिनिटंही त्यांना आठवत होती, आणि अडचण तिथेच होती. घरातून उठून ते गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलजवळ आले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. किल्ली लावता लावता ते बोलले होते. कोणाशी नव्हे, पेट्रोलच्या टाकीशी. बोलून झाल्यावर खाली पाहिलं, तर लाल दिवा जळत होता.

त्या रात्री त्यांनी परिपत्रक काढून पुन्हा वाचलं. खूण केलेली चार मिनिटं टिकणार होती. बाकीची त्रेचाळीस अजून अठरा दिवसांनी आपोआप पुसली जाणार होती. कोणी काही न करता, कोणी खोटं न बोलता. आणि अकरावं कलम असं होतं, की कॅमेरा लावणाऱ्या कर्मचाऱ्याने लेखी मागणी केली, तर पूर्ण चित्रीकरण पाहावं आणि पूर्णच जतन करावं. त्यातून आपल्याला नको तेवढं वगळता येत नव्हतं. काटछाट करायची नाही, हा नियम बोरशांना पहिल्या दिवशी सगळ्यात चांगला वाटला होता.

बोरसे घाबरले होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. तारा जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की निमखेड्यापासून सोनगीरपर्यंत लोक म्हणतील, निवाडा देणाऱ्यानेच पोर घालवली. नऊ वर्षं ज्या बांधांवर चहा प्यायला, त्यातल्या एकाही बांधावर मग बसता येणार नव्हतं. अठरा दिवस तोंड बंद ठेवणं काही अवघड नव्हतं. प्रेमराज ठेवतच होता. बेबाबाईचं काय होईल, ते होईल. तिला वकील मिळेल, शिवाय तिने काही केलेलं नाही, सुटेलच ती. एवढा विचार करून झाल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. बायको म्हणाली, जेवून घ्या. ते जेवले आणि वहीतलं पान फाडून अर्ज लिहायला बसले.

सकाळी नऊलाच त्यांनी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. तीन ओळींचा होता. अकराव्या कलमाप्रमाणे पूर्ण चित्रीकरण पाहावं आणि जतन करावं. दुःखाच्या घरात न विचारता कॅमेरा चालू ठेवला, ही माझी चूक आहे. खाली सही.

“हे कशाला लिहिलंत?” मॅडम म्हणाल्या. “एक ताकीद आहे ना तुमच्यावर?”

“तुम्ही आधी बघा, मॅडम.”

मॅडमनी लावलं. बोरसे शेजारी उभे राहिले. बसा म्हटलं, तरी बसले नाहीत. पडद्यावर फारसं काही दिसत नव्हतं, बरीचशी टोपीच होती. आवाज मात्र सगळे होते. चौथ्या मिनिटाला बेबाबाई. नवव्या मिनिटाला प्रेमराजची बायको आत आली आणि म्हणू लागली, की मी शेजारच्या मळ्यात होते, मी पाहिलं नाही, मीच मारलं तुला. मॅडमनी मान वर केली. सोळाव्या मिनिटाला बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, मग पायांचा, आणि मग कोकिळाबाईचा. “मीच तुले ह्या घरमा दिनी वं माय, मीच मारं तुले.” बेबाबाई तिच्या गळ्यात पडली. दोघी मिळून एकच वाक्य आळीपाळीने म्हणत होत्या. सव्विसाव्या मिनिटाला रूपालीची एक मावशी आली, तिनेही तेच म्हटलं, का तर आदल्या आठवड्यात तिने रूपालीला मुक्कामाला ठेवून घेतलं नव्हतं.

मॅडमनी मोजलं. चार बायांनी रूपालीला मारलं होतं, त्यात एक तिची सख्खी आई होती. त्यांनी चित्र थांबवलं. मग नोटीस उचलली, मधोमध फाडली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली.

“तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, बोरसे. मला हे माहीत नव्हतं. जा आता.”

“अजून थोडं राहिलं आहे, मॅडम. पूर्ण बघायचं असतं.”

पुढची वीस मिनिटं बायांचा आवाज हळूहळू बसत गेला. मग बुटांचा आवाज, गल्लीचे दगड, मोटारसायकलची टाकी. किल्ली खळखळली. आणि बोरशांचा आवाज आला, घोगरा, घरच्या बोलीतला. “पेटी तठे लावाले मीच सांगं. भूप्या सांगे, पानी साचस. मी ऐकं नही. मीच मारं पोरले.” त्यानंतर नुसता श्वास, आणि सत्तेचाळीस मिनिटं संपली.

मॅडमनी बोरशांकडे पाहिलं नाही. पडदा बंद केला, अर्ज घडी करून बाजूला ठेवला. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मऊ होता. त्या मुद्दामच तसं बोलल्या, हे बोरशांच्याही लक्षात आलं.

“कळलं मला. घरच्यांसारखं नातं असतं तुमचं या गावांशी. तुम्हीही रडलात. हे रडणंच होतं ना, बोरसे?”

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मॅडम हो ऐकायला तयार होत्या, तारा जागेवर राहत होता, बेबाबाई सुटली होतीच, आणि रूपाली काही परत येणार नव्हती.

“नाही, मॅडम,” बोरसे म्हणाले. “त्या बाया रडत होत्या. माझा हा जबाब शे. लिहून घ्या.”

मॅडमनी खणातून कोरा कागद काढला, वर तारीख घातली आणि पेन हातात धरून सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

“पेटी तिथे लावायला कोणी सांगितलं?”

“मी सांगितलं,” बोरसे म्हणाले, आणि समोरची खुर्ची ओढून बसले.